सांचीच्या वेदिकेवरील नावे : एक अभ्यास-सहल

आमच्या संस्थेच्या अभ्यास वर्गातर्फे दर हिवाळ्यात एक दिवसाची धम्म-सहल काढण्याची प्रथा आहे. या वर्षी विदिशा हे प्राचीन नगर आणि त्याला लागून असलेला सांचीचा स्तूपसमूह अशी दोन स्थळे निवडण्यात आली. वर्गात गेले चार महिने ब्राह्मी लिपीची तोंडओळख चालली होती. अक्षरे फळ्यावर गिरवून झाली होती, ती आता मूळ दगडावर वाचून पाहावीत हा सहलीचा मुख्य हेतू होता. हिवाळा निवडण्यामागे केवळ थंड हवेचा विचार नव्हता. पौषातला सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्याचे ऊन तिरपे पडते आणि तिरप्या उन्हात झिजलेली, उथळ अक्षरे सावली धरून उठून दिसतात. उन्हाळ्याच्या भर दुपारी तीच अक्षरे शोधूनही सापडत नाहीत.

येथे आणखी एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. सहलीच्या आदल्या आठवड्यात आमच्या कार्यकारिणीच्या बैठकीत बराच वाद झाला होता. विहाराच्या सभागृहाचे बांधकाम पूर्णत्वास येत असून दर्शनी भिंतीवर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी फरशी बसवायची आहे. रुपये ५,००० व त्याहून अधिक देणगी देणाऱ्यांचीच नावे, रकमेच्या उतरत्या क्रमाने कोरावीत, असा ठराव मांडला गेला. ठराव मांडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. फरशीवर जागा मोजकी असते आणि मोठी नावे पाहून आणखी देणग्या येतात, हे अनुभवाचे बोल होते. विरोध करणाऱ्यांनी एका वयोवृद्ध उपासिकेचे उदाहरण दिले. सफाई कामगार म्हणून निवृत्त झालेल्या या आजी गेली अकरा वर्षे दरमहा २० रुपये न चुकता देत आल्या आहेत. त्यांची एकूण रक्कम २,६४० रुपये होते, म्हणजे त्यांचे नाव फरशीवर येत नाही. बैठक निर्णयाविना संपली. आजी सहलीला आल्या होत्या, ठराव मांडणारे आमचे कोषाध्यक्षही आले होते. वाद मात्र तिकीट न काढताच दिवसभर आमच्याबरोबर बसमध्ये बसून होता.

शनिवारी रात्री नागपूरहून निघालेली गाडी धुक्यामुळे दोन तास उशिरा भोपाळला पोहोचली. स्थानकाबाहेर पोहे-जिलेबी आणि चहा घेऊन आम्ही एकूण ४२ जण ठरवलेल्या बसमध्ये बसलो. भोपाळ-विदिशा रस्त्यावर कर्कवृत्त ओलांडावे लागते व तेथे रस्त्याच्या कडेला तशी खूण केलेली आहे. विद्यार्थ्यांच्या आग्रहास्तव बस थांबवून एक पाय इकडे व एक पाय तिकडे असा कार्यक्रम झाला. भूगोलाचे पुस्तक इतक्या आनंदाने कुणी वाचले नसेल. पुढे सांचीची टेकडी लागली, पण धुक्यात ती दिसलीच नाही. आम्ही सरळ विदिशा गाठले.

सांचीच्या आधी विदिशा पाहणे अभ्यासाच्या दृष्टीने योग्य ठरते. सांचीचा तथागतांच्या जीवनातील कोणत्याही घटनेशी संबंध नाही. ते येथे जन्मले नाहीत, येथे त्यांना बोधी प्राप्त झाली नाही, त्यांनी येथे धम्मदेसना केल्याचाही उल्लेख नाही. मग एवढा मोठा स्तूप येथे का उभा राहिला? त्याचे उत्तर सांचीच्या टेकडीवर नाही, टेकडीपासून दहा किलोमीटरच्या आत असलेल्या या नगरात आहे. वेत्रवती म्हणजे आजची बेतवा आणि बेस या दोन नद्यांच्या संगमाजवळ वसलेले वेदिस हे व्यापारी नगर होते. उत्तरेकडून उज्जयिनीकडे आणि पुढे दक्षिणेत प्रतिष्ठान म्हणजे आपल्या पैठणकडे जाणारा माल या भागातून जात असे. श्रीलंकेच्या पाली ग्रंथांतील परंपरेनुसार उज्जयिनीचा प्रशासक म्हणून जाताना तरुण अशोकाने येथील एका श्रेष्ठीच्या कन्येशी, देवीशी, विवाह केला आणि महेंद्र व संघमित्रा ही त्यांची अपत्ये. श्रीलंकेला धम्म नेण्यापूर्वी महेंद्र आईच्या भेटीसाठी येथे येऊन राहिले, असेही ती परंपरा सांगते. अर्वाचीन काळात हे गाव भेलसा म्हणून ओळखले जाई. १९५६ साली त्याला विदिशा हे जुने नाव परत मिळाले.

जुन्या नगराचे अवशेष बेसनगर येथे आहेत. तेथील हेलिओदोरसचा स्तंभ आम्ही पाहिला. स्थानिक लोक त्याला खाम बाबा म्हणतात. १८७७ साली कनिंगहॅम यांनी तो पाहिला होता, पण शेंदराच्या जाड थराखाली लेख आहे हे त्यांच्या लक्षात आले नाही. तो लेख १९०९ साली उजेडात आला. पुढे १९१३ ते १९१५ या काळात येथे उत्खनन करणारे देवदत्त रामकृष्ण भांडारकर हे मराठी संशोधक होते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. तक्षशिलेचा ग्रीक राजदूत हेलिओदोरस याने इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस वासुदेवासाठी हा गरुडध्वज उभारला. स्तंभ बौद्ध नाही. तरीही लेखाच्या शेवटी जे तीन गुण सांगितले आहेत, दम, चाग आणि अप्रमाद, ते ऐकून आमच्यातील पाली शिकणारे चमकले. चाग म्हणजे त्याग, देणे. अप्पमाद हा शब्द तर तथागतांच्या अखेरच्या उपदेशातला. एकाच नगराच्या हवेत हे शब्द निरनिराळ्या पंथांच्या तोंडी होते, एवढे त्यावरून म्हणता येते. उदयगिरीच्या गुप्तकालीन लेण्यांना धावती भेट दिली. तेथे अधिक वेळ द्यायला हवा होता, पण ऊन वर येऊ लागले होते आणि आमचे लक्ष सांचीकडे लागले होते.

दुपारी बाराच्या सुमारास टेकडी चढलो. धुके विरले होते. डोळ्यांसमोर तो विशाल अर्धगोल आला तेव्हा नागपूरकरांच्या तोंडून साहजिकच ‘दीक्षाभूमी’ हा शब्द निघाला. दीक्षाभूमीचा २००१ साली लोकार्पण झालेला स्तूप सांचीच्याच धर्तीवर बांधलेला आहे. फरक एवढाच की आपला स्तूप आतून पोकळ आहे, त्यात हजारो माणसे बसू शकतात. सांचीचा स्तूप मात्र भरीव आहे, त्याच्या आत जायचे नसते, त्याला प्रदक्षिणा घालायची असते.

महास्तूपाचा व्यास सुमारे ३६.६ मीटर आणि उंची सुमारे १६.५ मीटर आहे. सम्राट अशोकाच्या काळी तो विटांचा व बराच लहान होता. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात त्यावर दगडी आवरण चढवून तो जवळजवळ दुप्पट करण्यात आला. सभोवतालची दगडी वेदिका त्यानंतरची आणि चार दिशांची चार तोरणे सातवाहन काळातील. वेदिकेची रचना नीट पाहण्यासारखी आहे. उभे स्तंभ, त्यांच्या खाचांत आडव्या बसवलेल्या सूची आणि वरून उष्णीष, म्हणजे डोक्यावरचा दगड. दगडाला सुतारकामाच्या रीतीने जोडले आहे. लाकडी कुंपण बांधणाऱ्या हातांनीच हे दगडात उतरवले असावे असे वाटते.

याच वेदिकेवर आमचा अभ्यास होता. तिचे स्तंभ, सूची आणि फरशा यांवर लहान लहान लेख कोरलेले आहेत. सांचीच्या टेकडीवर असे सहाशेहून अधिक दानलेख मिळाले आहेत. बहुतेक लेख एका ओळीचे, चार-सहा शब्दांचे. या लेखांचा भारताच्या इतिहासावर फार मोठा उपकार आहे. १८३७ साली कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांच्यासमोर सांचीच्या लेखांचे ठसे आले. तोपर्यंत अशोकाचे लेख कुणालाच वाचता येत नव्हते. प्रिन्सेप यांच्या लक्षात आले की, हे सगळे तुटक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात. पवित्र स्थळी एवढी माणसे आपापले नाव घालून शेवटी एकच शब्द लिहितात, तर तो शब्द कोणता असणार? त्यांनी तर्क केला, ‘दानं’. त्याआधी वारंवार येणारे अक्षर म्हणजे षष्ठीचा ‘स’, आपल्या ‘चा-ची-चे’ या अर्थाचा. द, न, स आणि अनुस्वार हाती लागले आणि त्यातून उरलेली वर्णमाला उलगडत गेली. अशोक पुन्हा बोलू लागला तो सामान्य माणसांच्या देणगीच्या पावत्यांमुळे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आमच्या विद्यार्थ्यांनीही तीच वाट धरली. दगडाला हात लावायचा नाही, खडू किंवा पाणी फासायचे नाही, फक्त पाहायचे आणि वहीत उतरवायचे, असा नियम होता. आडव्या रेघेवर उभी रेघ, शेजारी टिंब: ‘नं’. त्याच्या आधी मध्ये बाक असलेली रेघ, तिला काना: ‘दा’. पहिला ‘दानं’ सापडला तेव्हा मुलांनी जो गलका केला तो ऐकून पहारेकरी धावत आला. नंतर तोच उत्साहाने ऊन कोणत्या दगडावर चांगले पडले आहे ते दाखवू लागला.

कोणाची ही दाने? विद्वानांनी या लेखांचे वाचन केलेले आहे, त्याचे टाचण आम्ही बरोबर नेले होते. त्यात भिक्षू आहेत आणि जवळपास तितक्याच भिक्षुणी आहेत. उपासक-उपासिका आहेत. श्रेष्ठी, व्यापारी, लेखनिक, विणकर आहेत. कुणी स्वतःची ओळख अमक्याची आई अशी करून दिली आहे. एक राणीही आहे, वाकला देवी, आणि तिचीही ओळख अहिमिताची आई अशीच आहे. अविसिना नावाच्या एका स्त्रीला ‘सुतातिकिनी’ म्हटले आहे, म्हणजे सुत्तांची जाणकार. ज्यांना आजही वाटते की धम्माचा अभ्यास हा पुरुषांचा प्रांत आहे, त्यांनी या एका शब्दासाठी सांचीला जाऊन यावे. दाते वेदिसचे आहेत, उजेनि म्हणजे उज्जैनचे आहेत, माहिष्मतीचे आहेत आणि आज कुठे होती हे सांगता येणार नाही अशा कितीतरी खेड्यांचे आहेत. कुठे एका माणसाने नव्हे, गावाने मिळून दान दिले आहे.

एका लेखापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. धमवधन नावाच्या गावातील ‘बोधगोठी’चे ते दान आहे. गोठी म्हणजे गोष्ठी, मंडळ. बौद्ध उपासकांनी वर्गणी करून चालवलेले मंडळ, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची आपल्यासारखीच एक संस्था! तिचेही अध्यक्ष, कार्यवाह असतील, तेथेही हिशेबावरून वाद होत असतील. विदिशेतील बरुलमिसांच्या गोठीचाही असाच लेख आहे.

इतके वाचून झाल्यावर नववीत शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने प्रश्न केला, “सर, नाव आहे, गाव आहे, धंदा आहे. रक्कम कुठं आहे?”

आम्ही टाचण पुन्हा चाळले. रक्कम कुठेही नव्हती. भारहुतच्या वेदिकेवर ‘थभो दानं’ किंवा ‘सुचि दानं’ असे, म्हणजे खांब दिला की आडवी सूची दिली एवढे तरी पुष्कळदा सांगितलेले असते. सांचीला बहुधा नुसते ‘दानं’. राणीचे दानही ‘दानं’ आणि विणकराचेही ‘दानं’. अक्षरांच्या आकारात दर्जा पाळलेला दिसत नाही, दर्शनी जागा मोठ्यांना आणि मागची जागा लहानांना असाही प्रकार दिसत नाही. कित्येक लेख तर अशा ठिकाणी आहेत की, ते वाचायला गुडघ्यांवर बसावे लागते.

यावर कुणी म्हणेल की वेदिका साधी, तिच्यावर साधी माणसे आली. तोरणांचे काय? तोरणांवरही तेच. कुरर येथील, अचावडाचा श्रेष्ठी नागपिय याने तोरणाच्या खांबासारखे मोठे दान दिले, पण मोल लिहिले नाही. दक्षिण तोरणाच्या सर्वांत वरच्या तुळईवर राजा सिरि सातकणि याचे नाव आहे खरे, पण दाता तो नाही. दाता आहे वासिठीचा पुत्र आनंद, त्या राजाच्या कारागिरांचा प्रमुख. राजाचे नाव येथे कारागिराचा मालक म्हणून आले आहे! त्याच तोरणाच्या एका खांबावर लिहिले आहे की, कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले. हस्तिदंतावर काम करणाऱ्यांचा हात दगडावर कसा चालला हे पाहायचे असेल तर त्या खांबाजवळ जाऊन फुलांच्या पाकळ्या आणि दागिन्यांचे मणी पाहावेत.

तोरणांवरील शिल्पांचे वर्णन अनेक ग्रंथांत आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही. विद्यार्थ्यांसाठी एवढेच सांगतो की, या शिल्पांत तथागतांची मूर्ती कोठेही नाही. रिकामे आसन, बोधिवृक्ष, धम्मचक्र, पदचिन्हे यांवरून त्यांचे अस्तित्व ओळखायचे. पूर्व तोरणाच्या मधल्या तुळईवर महाभिनिष्क्रमणाचा प्रसंग आहे. नगरातून घोडा निघतो, त्याच्यावर छत्र धरलेले आहे आणि पाठ रिकामी आहे. आजी त्या घोड्याकडे बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बसलेला दिसत नाही, पण छत्री धरणाऱ्याला दिसते ना.” आमच्या टाचणात यापेक्षा चांगले स्पष्टीकरण नव्हते.

रकमेचा प्रश्न एवढ्याने सुटला असे नाही. आमच्या कोषाध्यक्षांनी जेवणाच्या वेळी, पोळ्या, झुणका आणि ठेचा समोर असताना, टाचणातील शेवटचे पान काढून दाखवले. गुप्तकाळात याच वेदिकेवर दोन लेख कोरले गेले आणि त्यात रकमा स्पष्ट आहेत. इ. स. ४१२-१३ मध्ये चंद्रगुप्त दुसरा याचा अधिकारी आम्रकार्दव याने एक गाव आणि २५ दीनार दिले. इ. स. ४५०-५१ मध्ये उपासिका हरिस्वामिनी हिने १६ दीनार दिले. तिचा तपशील तर एखाद्या लेखापरीक्षकाने लिहावा तसा आहे. १२ दीनारांच्या व्याजातून रोज एका भिक्षूला भोजन, ३ दीनारांच्या व्याजातून रत्नगृहात रोज तीन दिवे आणि १ दीनाराच्या व्याजातून चार बुद्धांच्या स्थानी रोज एक दिवा. मुद्दल कायम ठेवायचे, त्याला अक्षयनीवी म्हणत. आजच्या भाषेत मुदत ठेव.

“म्हणजे रक्कम लिहीत होते,” कोषाध्यक्ष म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता आणि तो उजळावा असाच हा पुरावा होता.

आम्ही त्या पानावर बराच विचार केला. फरक आम्हाला असा दिसतो. पहिल्या काळातील दान दगडाच्या रूपात होते. दगड बसला, काम संपले, त्याचा पुढे हिशेब राहत नाही. हरिस्वामिनीचे दान मात्र पुढच्या पिढ्यांनी सांभाळायचे होते. किती ठेव आहे आणि तिच्यातून काय चालवायचे हे लिहिले नसते तर दहा वर्षांत दिवा विझला असता व कुणाला विचारताही आले नसते. तिने आकडा लिहिला तो संघाला जबाबदार धरण्यासाठी. दाते मोठे की लहान हे ठरवण्यासाठी तो लिहिलेला नाही, कारण तिच्या १६ दीनारांच्या आधी २५ दीनारांचा लेख असूनही तिने आपला लेख लहान कोरवला नाही. रक्कम हिशेबासाठी आणि नाव स्मरणासाठी, असे आमचे मत झाले. कोषाध्यक्षांना ते पूर्ण पटले असे म्हणता येणार नाही. मोठ्या देणग्यांवाचून छत पडले नसते, हे त्यांचे म्हणणे आम्हालाही नाकारता येत नाही. येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आठवण एका ज्येष्ठ सभासदांनी करून दिली. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी मिळकतीचा विसावा हिस्सा देण्याविषयी सांगितले होते. विसावा हिस्सा मोजला तर आजींची पावती यादीत कोणत्या क्रमांकावर येईल, याचे गणित विद्यार्थ्यांनी तिथेच वहीवर मांडायला घेतले. ते पूर्ण करू दिले नाही, कारण त्यासाठी सर्वांचा पगार विचारावा लागला असता.

दुपारनंतर उरलेले अवशेष पाहिले. दक्षिण तोरणाजवळ अशोकस्तंभाचा बुंधा उभा आहे. त्याचे चार सिंहांचे शीर्ष पायथ्याच्या संग्रहालयात ठेवले आहे. बुंध्यावरील लेखात सम्राटाने संघात फूट पाडणाऱ्या भिक्षू-भिक्षुणींना पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर ठेवावे अशी आज्ञा दिली आहे आणि संघ एकसंध व चिरकाल टिकावा अशी इच्छा व्यक्त केली आहे. हाच आदेश सारनाथ आणि कौशांबी येथेही आहे. म्हणजे फूट ही तेव्हाही एका गावापुरती गोष्ट नव्हती. हा लेख वाचताना कार्यकारिणीचे सर्व सदस्य एकमेकांकडे पाहून हसले. या स्तंभाचे तुकडे एका जमीनदाराने उसाच्या घाण्यासाठी केले, असे जॉन मार्शल यांनी नोंदवले आहे. सांचीच्या तोरणावर, येथील दगड काढणाऱ्याला पंच महापातकांचे पाप लागेल असा इशाराही कोरलेला आहे. तो वाचता येणारे उरले नाहीत, मग घाणाच व्हायचा.

पाप करणारे सगळे अडाणी होते असेही नाही. १८१८ साली जनरल टेलर यांना हे स्थळ पुष्कळसे शाबूत आढळले. १८२२ साली एका इंग्रज अधिकाऱ्याने धनाच्या शोधात महास्तूप वरपासून खालपर्यंत फोडला आणि पश्चिम तोरण कोसळले. १८५१ साली कनिंगहॅम व मेसी यांना तिसऱ्या स्तूपात सारिपुत्त आणि महामोग्गलान यांच्या अस्थी नावांसह मिळाल्या. दुसऱ्या स्तूपात, जो टेकडीच्या पश्चिम उतारावर आहे, दहा आचार्यांच्या अस्थी मिळाल्या. हिमालयाच्या प्रदेशात धम्म नेणारे कासपगोत आणि मझिम हे त्यांपैकीच. अग्रश्रावकांच्या अस्थी इंग्लंडला गेल्या, तेथील संग्रहालयात राहिल्या आणि श्रीलंकामार्गे परत येऊन नोव्हेंबर १९५२ मध्ये सांचीच्या नव्या चेतियगिरी विहारात स्थापन झाल्या. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस त्या दर्शनासाठी ठेवल्या जातात. आम्ही जानेवारीत गेल्यामुळे बाहेरूनच वंदन केले. पुढील वर्षी नोव्हेंबरात सहल काढावी अशी सूचना आली आहे. १९१२ ते १९१९ या काळात मार्शल यांनी जे जीर्णोद्धाराचे काम केले त्यामुळेच आज हे सारे उभे दिसते. त्या कामाला आणि तेथील संग्रहालयाला भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम यांनी द्रव्यसाहाय्य केले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

सूर्य उतरू लागला तेव्हा पश्चिमेकडील वेदिकेवर ऊन अगदी आडवे आले. सकाळपासून न दिसलेली अक्षरे त्या पंधरा-वीस मिनिटांत दिसू लागली. मुलांनी आजींना हाताला धरून एका स्तंभापाशी नेले. एका भिक्षुणीचा लेख होता. शेवटची दोन अक्षरे मुलांनी बोटाने हवेत गिरवून दाखवली. आजींना आपली सही करता येते, त्यापलीकडे त्या वाचत नाहीत. त्यांनी तसेच हवेत बोट फिरवले, आधी वाकडी रेघ, मग उभी-आडवी, शेवटी टिंब. “एवढंच लिहायचं असतं?” त्यांनी विचारले. मुले म्हणाली, “त्याच्या आधी नाव लिहायचं, आजी.” आजींनी शाल सावरली आणि खाली बस उभी होती तिकडे चालू लागल्या.

परतीच्या वाटेवर थंडी बरीच वाढली. संत्री संपली, मफलर कमी पडले आणि मागच्या बाकांवर दोघे झोपी गेले. कोषाध्यक्ष आणि अभ्यास वर्गाचे प्रमुख भोपाळ येईपर्यंत फरशीच्या मापांवर बोलत होते. दोन फूट बाय तीन फूट फरशीवर लहान अक्षरात किती नावे मावतात, आणि एकाऐवजी दोन फरशा लावल्या तर खर्च किती वाढतो, असा तो हिशेब होता. दोन फरशांना सर्व ३१७ नावे मावतात असे निघाले. वाढीव खर्चाची तरतूद करण्याचा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यात येणार आहे.

दरम्यान या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर देणगीदारांची यादी छापली आहे. संपादक मंडळाने ती अकारविल्हे लावली असून नावापुढे फक्त गाव दिले आहे. रकमा लेखापरीक्षकांच्या अहवालात आहेत. तो संस्थेच्या कार्यालयात कोणाही सभासदास रविवारी सकाळी पाहावयास मिळेल.